जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या ब्रेकचे दुर्मीळ भाग कसे आणि कुठून मिळवावेत?

पौडफाटा

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १९६२ सालची ३.८ लिटरची जग्वार ई-टाइप आहे. जिथे ती बनली त्या कॉव्हेंट्रीजवळच मी नोकरीनिमित्त स्थायिक झालो असल्यामुळे तिचा हवा तो भाग मला घराशेजारी मिळत असेल अशी पुण्याच्या मित्रांची समजूत आहे, आणि पत्रा, काच, रबर, विजेची जोडणी यांच्या बाबतीत ती खरीही आहे. ब्रेकच्या बाबतीत मात्र मी सध्या अडलो आहे.

मागच्या डाव्या कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) एक पिस्टन अडकला असून तिथून ब्रेक ऑइलही पाझरते. या गाडीत मागच्या डिस्क चाकापाशी नसून डिफरन्शियलला (मागच्या दोन चाकांत इंजिनाची शक्ती वाटणाऱ्या गिअरपेटीला) चिकटून आत बसवलेल्या आहेत, त्यामुळे कॅलिपर नीट हाताशी यावा म्हणून मागचा संपूर्ण सांगाडाच खाली उतरवावा लागतो. इतका खटाटोप केल्यावर बसवलेला भाग वर्षभरात पुन्हा गळू लागला, तर सुट्या भागाच्या किमतीच्या कितीतरी पट मजुरी वाया जाते.

माझ्यापुढे तीन वाटा दिसतात. पिस्टन ज्यात सरकतो ते सिलिंडर आज नव्याने बनवलेले विकत घ्यावेत, जुन्या साठ्यातला न वापरलेला मूळ भाग शोधावा, किंवा माझ्याच सिलिंडरांना आतून स्लीव्ह, म्हणजे नळीचे अस्तर, बसवून घ्यावी. दुसरी वाट मी चोखाळून पाहिली. एका विक्रेत्याकडून मूळ खोक्यातला, कधीही न वापरलेला म्हणून सिलिंडर मागवला. खोके खरोखरच जुने होते, पण आत बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या पोकळीला, गंजाचे खड्डे पडलेले होते आणि सील बोटाने दाबताच तडकले.

शिवाय याच गाडीचा केल्सी-हेज पद्धतीचा भात्याचा सर्व्होही (निर्वाताच्या जोरावर पॅडलला मदत करणारा भाग) निर्वात धरून ठेवत नाही. तो तर बाजारात जवळजवळ दिसतच नाही. गाडीचे मूळ स्वरूप शक्यतो जपावे अशी इच्छा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

यंत्रवेडा

पौडफाटा साहेब, मी अनेक वर्षे ब्रेकच्या सुट्या भागांच्या उत्पादनात काढली असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट अशी की, शोध गाडीच्या नावाने करू नका. जग्वारने ई-टाइप बनवली, पण तिचे ब्रेक डनलॉपने बनवले. जी डिस्क ब्रेकची पद्धत वापरून जग्वारच्या सी-टाइपने १९५३ मध्ये ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली, तीच पुढे सुधारून डनलॉपने अनेक कारखान्यांना विकली. जग्वारच्याच एक्सके १५० आणि मार्क २ या गाड्या, ॲस्टन मार्टिनची डीबी४, फेरारीच्या २५० मालिकेतल्या गाड्या, सुरुवातीच्या काही अल्फा रोमिओ, १९६१ पासूनची मर्सिडीज ३०० एसएल रोडस्टर, या सर्वांवर डनलॉपचेच ब्रेक होते. याचा अर्थ एकीचा कॅलिपर दुसरीला जसाच्या तसा बसतो असा मुळीच नाही, कारण बसवण्याची भोके, डिस्कची जाडी आणि पिस्टनचा व्यास वेगवेगळा असतो. परंतु सील, पिस्टन आणि सिलिंडर यांची दुनिया बोअरच्या मापावर चालते. तुमच्या गाडीत पुढे २.१२५ इंच, म्हणजे सुमारे ५४ मिलिमीटर, आणि मागे पावणेदोन इंच, म्हणजे ४४.४५ मिलिमीटर असा बोअर असतो. साठ वर्षांत कोणी काय बदलले असेल याचा भरवसा नसल्यामुळे खरेदीपूर्वी व्हर्नियरने मोजून घ्या, आणि विक्रेत्याला गाडीच्या नावाआधी हे माप आणि डनलॉपचे नाव कळवा. जो विक्रेता मापावर उत्तर देऊ शकत नाही त्याच्याकडून ब्रेकचा भाग घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट सीलच्या जागेची आहे आणि ती समजल्याशिवाय काय विकत घ्यायचे हेच ठरत नाही. नंतरच्या काळातल्या गर्लिंग किंवा आटे या ब्रेक कंपन्यांच्या कॅलिपरमध्ये सील बोअरच्या भिंतीतल्या खाचेत स्थिर बसते आणि पिस्टन त्यातून सरकतो. तिथे सीलखाली घासला जाणारा पृष्ठभाग पिस्टनचा असतो, म्हणून गंज चढला की स्टेनलेस स्टीलचे नवे पिस्टन आणि नवी सील घातली की बहुतेक वेळा काम भागते. बोअरवर थोडे डाग असले तरी चालते. डनलॉपच्या रचनेत उलट आहे. सील पिस्टनला जोडलेले असते आणि पिस्टनबरोबर बोअरमध्ये पुढेमागे होते. म्हणजे इथे बोअरच गुळगुळीत असावा लागतो आणि तो खराब झाला की नवे पिस्टन घालून काहीही उपयोग होत नाही. तुम्ही ‘दुरुस्ती संच’ म्हणून जे पाकीट पाहिले असेल, त्यातली सील खड्डे पडलेल्या बोअरमध्ये घातली तर ती थोड्याच दिवसांत कापली जातील.

यात एक आनंदाची बाब दडलेली आहे. डनलॉपच्या कॅलिपरचे मुख्य अंग आणि त्यावर दोन्ही बाजूंनी बोल्टने जोडलेले सिलिंडर हे वेगवेगळे सुटे भाग आहेत. मुख्य अंग गंजले तरी ते घासून रंगवता येते, कारण त्यात ब्रेक ऑइल जातच नाही. तेव्हा तुम्हाला संपूर्ण कॅलिपर शोधण्याची गरज नाही. मुख्य अंगाला तडा नसेल आणि हँडब्रेकच्या छोट्या कॅलिपरचे बसण्याचे कान शाबूत असतील, तर ते जिवापाड जपा. सिलिंडरचे पुढे पाहता येईल.

राहिला जुन्या साठ्याचा प्रश्न. धातूचा भाग पन्नास वर्षे कोरड्या जागेत, तेलकट कागदात राहिला असेल तर तो उत्तम असू शकतो. रबराचे तसे नाही. ते खोक्यातही म्हातारे होते, हवेतल्या ओझोनने आणि काळाने कडक होते. त्यामुळे जुन्या साठ्यातला कोणताही ब्रेकचा भाग घेताना त्यातल्या रबराची किंमत शून्य धरावी आणि केवळ धातूसाठी पैसे मोजावेत. विक्रेत्याकडे बोअरच्या आतल्या बाजूचा, भरपूर प्रकाशात काढलेला फोटो मागा. खोक्याच्या फोटोवरून कोणताही निर्णय घेऊ नका. रिकामी जुनी खोकीसुद्धा बाजारात विकली जातात, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

आणि जुनी नावे का सापडत नाहीत याचे कारणही सांगून ठेवतो. गर्लिंगची मालकी लुकासकडे होती. १९९६ मध्ये लुकास आणि व्हॅरिटी एकत्र येऊन लुकासव्हॅरिटी झाली, १९९९ मध्ये ती टीआरडब्ल्यूने घेतली, आणि २०१५ मध्ये टीआरडब्ल्यू झेडएफच्या पोटात गेली. आटेचे मूळ नाव अल्फ्रेड टेव्हेस. ती कंपनी १९९८ पासून कॉन्टिनेन्टलची आहे. प्रत्येक हस्तांतरात कमी खपाचे क्रमांक यादीतून गळत गेले. म्हणूनच जुनी छापील सूची, ज्यात ब्रेक कंपनीचा क्रमांक, बोअर आणि कोणकोणत्या गाड्यांना तो भाग लागतो हे एकत्र दिलेले असते, ती मिळाली तर कॅलिपरपेक्षा आधी ती विकत घ्या.

शंकेखोर

एक प्रामाणिक शंका विचारतो. एवढी धडपड करण्यापेक्षा चार पिस्टनचे आधुनिक कॅलिपर का बसवू नयेत? बाजारात तयार संच मिळतात, सील कुठेही मिळतात, आणि गाडीही अधिक लवकर थांबेल. साठ वर्षांपूर्वीच्या तंत्रज्ञानावर आपला जीव टांगून ठेवण्यात कसला आला आहे अभिमान?

यंत्रवेडा

शंकेखोरजी, शंका रास्त आहे आणि पुढच्या चाकांच्या बाबतीत अनेकजण तसे करतातही. परंतु ब्रेक ही एकमेकांवर अवलंबून असलेल्या मापांची साखळी असते. पॅडलची तरफ, मास्टर सिलिंडरचा (पॅडल मारल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या सिलिंडरचा) बोअर, पिस्टनचे एकूण क्षेत्रफळ, सर्व्होची मदत आणि पुढच्या-मागच्या चाकांमधली वाटणी या सर्वांचा हिशेब कारखान्याने एकत्र केलेला असतो. उदाहरणार्थ, मास्टर सिलिंडर ०.६२५ इंचाचा मिळाला नाही म्हणून कोणी ०.७५ इंचाचा बसवला, तर त्याचे क्षेत्रफळ १.४४ पट होते. म्हणजे तेवढाच दाब निर्माण करण्यासाठी पायाने ४४ टक्के अधिक जोर द्यावा लागतो. कागदावर फरक एक अष्टमांश इंचाचा दिसतो, पण चालवणाऱ्याला ब्रेक लागतच नाहीत असे वाटू लागते. उलट पुढे मोठ्या पिस्टनचे कॅलिपर लावले आणि मास्टर सिलिंडर तोच ठेवला, तर पॅडल खोल जाते आणि वाटणी पुढच्या चाकांकडे झुकते.

ड्रम ब्रेकच्या गाडीचा मास्टर सिलिंडर डिस्क ब्रेकला लावण्याचा मोहही अनेकांना होतो, कारण बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. ड्रमसाठीच्या सिलिंडरमध्ये पाइपात थोडा दाब कायम राखणारी झडप असू शकते. ती डिस्कच्या गाडीत राहिली तर पॅड सतत डिस्कला घासत राहतात आणि डिस्क तापतात. ई-टाइपच्या मागच्या डिस्क आत कोंडलेल्या असल्यामुळे तिथली उष्णता आधीच बाहेर पडत नाही, आणि डिफरन्शियलची ऑइल सील जवळच असतात. ती भाजली की ऑइल डिस्कवर उडते. तेव्हा मागच्या बाजूला प्रयोग नकोत, एवढेच म्हणेन.

मीनल_एस

मी श्टुटगार्टजवळ राहते. आमच्याकडे सासऱ्यांची मर्सिडीज १९० एसएल आहे. तिला चारही चाकांना ड्रम ब्रेक असल्यामुळे तपशील वेगळे आहेत, तरी शोधाशोधीचा अनुभव सारखाच आहे असे वाटते.

जर्मनीत परिस्थिती तुलनेने सोपी आहे. मर्सिडीजचे क्लासिक सेंटर १९९३ पासून फेलबाख येथे आहे, आणि पुष्कळ भाग मूळ क्रमांकावर आजही मागवता येतात. किंमत ऐकून माणूस दोन मिनिटे गप्प बसतो हे खरे, पण मापाची चिंता उरत नाही. आपल्या भागासाठी कारखान्याचा स्वतःचा असा विभाग असेल तर आधी तिथे विचारावे आणि मगच जत्रा पालथ्या घालाव्यात. आम्ही हा क्रम पाळतो.

जत्रांविषयीही लिहिते. मानहाइमला शरद ऋतूत भरणारी वेटेरामा, इंग्लंडमध्ये सप्टेंबरात ब्यूलीला भरणारा १९६७ पासूनचा ऑटोजंबल, इटलीत इमोला येथील जुन्या भागांचा बाजार, आणि अमेरिकेत ऑक्टोबरात पेनसिल्व्हेनियातील हर्शी येथे भरणारा मेळावा, ही ठिकाणे खऱ्या अर्थाने उपयोगी आहेत. आंतरजालावरील लिलावात आणि या बाजारांत मोठा फरक आहे. इथे भाग हातात घेता येतो. पौडफाटा यांनी ब्यूलीला जाताना व्हर्नियर, छोटी विजेरी, दंतवैद्य वापरतात तसा आरसा आणि धातूला चिकटणारे लोहचुंबक बरोबर न्यावे. ज्याला विक्रेता स्टेनलेस म्हणतो त्याला चुंबक घट्ट चिकटले, तर निदान दोन प्रश्न अधिक विचारावेत. स्टेनलेसचे काही प्रकार चुंबकाला चिकटतात, तेव्हा केवळ तेवढ्यावरून खोटेपणाचा आरोप मात्र करू नये.

आणखी एक सूचना महत्त्वाची वाटते. जुन्या साठ्यातले पॅड किंवा ड्रमचे लायनर मिळाले तर त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. ते घासू नयेत, त्यावर हवेचा झोत मारू नये, आणि घरातल्या गॅरेजमध्ये तर बिलकूल हाताळू नयेत. ब्रिटनमध्ये १९९९ पासून ॲस्बेस्टॉसवर बंदी आहे आणि ऑस्ट्रेलियात २००३ अखेरीपासून. असा माल टपालाने परदेशी पाठवला तर तो अडकतो, शिवाय पाठवणारा गोत्यात येतो. मूळ धातूच्या पट्टीवर आजच्या काळातले घर्षण-द्रव्य चिकटवून देणारे कारागीर आहेत. दुर्मीळ आकाराच्या पॅडसाठी तोच मार्ग योग्य आहे. म्हणून झिजलेले पॅड फेकू नका. त्यांच्या मागच्या पट्ट्या हीच खरी दुर्मीळ वस्तू आहे.

गिरगावकर

भारतात राहून हाच उद्योग करणाऱ्यांसाठी दोन शब्द लिहितो, कारण हा धागा वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे जग्वार नसून एमजी, ट्रायम्फ किंवा जुनी फियाट असण्याची शक्यता अधिक आहे.

मुंबईत ऑपेरा हाऊसच्या आसपास आणि पुण्यात नाना पेठेत सुट्या भागांची जुनी दुकाने आहेत. तिथे ‘एमजीचे ब्रेक’ म्हणून विचारले तर मान हलवून नकार मिळतो. बोअर सांगितला, सिलिंडरचा नमुना काउंटरवर ठेवला आणि घाई केली नाही, तर पोटमाळ्यावरून एखादे खोके खाली येते. यामागचे कारण ऐतिहासिक आहे. मद्रासची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनी १९६० च्या दशकात ट्रायम्फ हेराल्ड स्टँडर्ड हेराल्ड या नावाने बनवत होती, हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बेसेडर मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली होती, आणि त्याच सुमारास, १९६२ मध्ये, गर्लिंगच्या सहकार्याने मद्रासजवळ पाडी येथे ब्रेक्स इंडिया ही कंपनी सुरू झाली. ब्रिटिश मापांचे ब्रेकचे भाग आपल्याकडे ब्रिटनइतकेच, किंबहुना ॲम्बेसेडरमुळे अधिक काळ बनत राहिले. तेव्हा इंची मापाची सील हवी असतील तर ती परदेशातूनच आणावी लागतील असे गृहीत धरू नये. मात्र एक पथ्य पाळावे. १९ मिलिमीटर आणि पाऊण इंच, म्हणजे १९.०५ मिलिमीटर, हे नजरेला एकच दिसते, आणि दुकानदार सद्भावनेने एकाऐवजी दुसरे देऊ शकतो. पाकिटावरचे माप स्वतः वाचावे.

परदेशातून मागवायचेच झाले तर विक्रेत्याला बीजकावर मालाचे वर्णन नीट लिहायला सांगा. ब्रेक आणि त्यांचे भाग सीमाशुल्काच्या ८७०८ ३० या शीर्षकाखाली येतात, तर नुसती रबरी सील ४०१६ ९३ खाली. ‘जुन्या गाडीचे सामान’ असे मोघम लिहिलेले पार्सल हमखास अडते, आणि मग ते सोडवण्यासाठी घालवलेला वेळ सीलच्या किमतीपेक्षा महाग पडतो. वजनदार कास्टिंग आणि हलकी सील एकाच पार्सलमध्ये मागवू नयेत असेही माझे मत झाले आहे. एकाच्या तपासणीसाठी दुसरे विनाकारण रखडते.

उद्यमनगर

कोल्हापुरात आमचे लहानसे मशीन शॉप आहे. जुन्या गाड्यांचे मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडर स्लीव्ह करण्याचे काम आमच्याकडे अधूनमधून येते, म्हणून त्या वाटेविषयी लिहितो. पौडफाटा साहेबांनी हे काम इंग्लंडातच करून घ्यावे. पण समोरच्या कारागिराला काय विचारावे हे आधी माहीत असलेले बरे.

स्लीव्ह म्हणजे जुना बोअर मोठा करून त्यात स्टेनलेस किंवा पितळेची नळी बसवायची आणि ती आतून मूळ मापापर्यंत होन करायची, म्हणजे बारीक घासून गुळगुळीत करायची. ऐकायला सोपे वाटते. पहिला प्रश्न असा विचारावा की, नळी कशाने धरून ठेवली जाते. ती घट्ट मापात बसवून त्यावर चिकटद्रव्यही वापरले आहे का, आणि ते ब्रेक ऑइलला व उष्णतेला टिकते का. नळीच्या मागून ऑइल झिरपले तर ते बाहेर कुठे दिसेल ते सांगता येत नाही. दुसरा प्रश्न मास्टर सिलिंडरसाठी आहे. टाकीकडे ऑइल परत जाण्याचे जे बारीक छिद्र असते, ते नव्या नळीतून पुन्हा नेमक्या जागी पाडावे लागते आणि त्याची आतली धार पूर्ण मोडावी लागते. ती धार राहिली तर पॅडल मारताना दर वेळी रबरी कप तिच्यावरून जातो आणि थोडाथोडा सोलला जातो. छिद्र जरा पुढे सरकले तर दाब मोकळा होत नाही आणि ब्रेक धरून बसतात. चांगल्या आणि वाईट कामातला फरक इथेच ओळखू येतो.

डनलॉपचा सिलिंडर मी एकदा हाताळला आहे. त्याचा बोअर एका टोकाला बंद आहे आणि तळाशी मध्यभागी एक पिन उभी आहे. पिस्टनमधली घट्ट बुश त्या पिनवर बसते आणि ब्रेक सोडल्यावर पिस्टनला किंचित मागे ओढते. ती पिन बोअरिंग आणि होनिंगच्या आड येते, त्यामुळे साध्या व्हील सिलिंडरची सवय असलेला कारागीर इथे फसू शकतो. ‘डनलॉपचे सिलिंडर यापूर्वी केले आहेत का आणि पिनचे काय करता’ असे थेट विचारा. उत्तर द्यायला तो अडखळला, तर सिलिंडर परत घेऊन या.

काहीजण आमच्याकडे संपूर्ण कॅलिपर नव्याने ओतून द्या अशी मागणी घेऊन येतात, कारण कोल्हापूर म्हणजे फाउंड्री हे समीकरण सगळ्यांना ठाऊक आहे. जुना भाग नमुना म्हणून वाळूत दाबून ओतला तर नवा भाग सुमारे एक टक्क्याने लहान येतो, कारण बीड थंड होताना आकसते. त्यासाठी वाढीव मापाचा पॅटर्न बनवावा लागतो. शिवाय धातू एसजी आयर्नच्या (चिवट बिडाच्या) योग्य प्रतीचा हवा, आत पोकळ्या नाहीत याची तपासणी हवी आणि प्रत्येक नग दाबावर तपासायला हवा. हे सर्व शक्य आहे. पण एका गाडीच्या दोन नगांसाठी हा खर्च कोणालाही परवडत नाही. तीच गाडी असलेले दहा-वीस मालक एकत्र आले तरच तो विषय काढावा. वाहन थांबवणाऱ्या भागाची जबाबदारी घ्यायला फाउंड्रीवाला सहजी तयार होत नाही, आणि त्याचे काही चुकते असेही मला वाटत नाही.

शेवटची सूचना. होनिंगनंतर भाग डिझेल किंवा रॉकेलने धुऊन तसाच जोडू नका. खनिज तेलाचा अंश जरी राहिला तरी ब्रेकचे रबर फुगते. मेथिलेटेड स्पिरिटने स्वच्छ करावा आणि जोडताना फक्त लाल रबर ग्रीस किंवा ताजे ब्रेक ऑइल लावावे.

पौडफाटा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उद्यमनगर यांनी सुचवलेले प्रश्न मी इथल्या दोन कारागिरांना विचारले. एकाने पिनविषयी विचारताच विषय बदलला. दुसऱ्याने पिन आणि बुश यांची पकड कशी तपासतो हे स्वतःहून सांगितले, पूर्वी केलेल्या सिलिंडरचे फोटो दाखवले आणि प्रत्येक सिलिंडर ऑइलच्या दाबावर तपासून देण्याची तयारी दाखवली. त्यामुळे माझेच मूळ सिलिंडर त्याच्याकडे देत आहे. डावा खराब असला तरी उजवाही त्याच वयाचा आहे, म्हणून मागचे चारही एकदमच करून घेतो आहे.

नव्याने बनवलेले स्टेनलेस सिलिंडर मी हातात घेऊन पाहिले. काम वाईट नव्हते, पण माझे मुख्य अंग आणि त्यांचे बोल्टचे तोंड यांत किंचित फरक जाणवला, आणि विक्रेत्याकडे बोअरच्या सहनमापाचा (टॉलरन्सचा) कागद नव्हता. किंमत स्लीव्हच्या कामापेक्षा फारशी वेगळी नाही.

सर्व्होबद्दल मात्र अजून अंधारच आहे. भाता चिरलेला दिसतो. मालिकेतील पुढच्या ४.२ लिटर गाडीचा सर्व्हो बसवावा असा सल्ला एकाने दिला. तो घ्यावा का? तसेच पाइप नव्याने करायचे झाल्यास काय पाहावे?

यंत्रवेडा

निर्णय योग्य वाटतो. चारही एकदम करणे हे तर उत्तमच.

सर्व्होबाबत घाई नको. ३.८ चा भात्याचा सर्व्हो पॅडलच्या जोडणीवर यांत्रिकरीत्या मदत करतो, आणि पुढच्या व मागच्या चाकांसाठी त्यानंतर दोन वेगळे मास्टर सिलिंडर आहेत. ४.२ ची मांडणी निराळी आहे. तिथे दूर बसवलेला सर्व्हो द्रवाच्या दाबावर चालतो. त्यामुळे तो बसवणे म्हणजे मास्टर सिलिंडर, पाइप आणि टाक्या यांची सबंध पुनर्रचना करणे. एक भाग मिळत नाही म्हणून पाच भाग बदलणे मला पटत नाही. भात्याचा सर्व्हो निकामी झाला तरी ब्रेक नाहीसे होत नाहीत, पॅडल मात्र खूप जड होते. तेवढ्यावर गाडी रस्त्यावर आणू नये, पण शोधाला वेळ द्यायला हरकत नाही. जग्वारच्या मालकांच्या संघटनांमध्ये नवा भाता घालून हा सर्व्हो पुन्हा बांधणारे लोक माहीत असतात. तुमचे जुने धातूचे अंग त्यासाठी लागेलच, ते कोणाला बदल्यात देऊन टाकू नका. आधी निर्वात टाकी, तिची एकदिशा झडप आणि नळ्या यांची गळती तपासा. इंजिन बंद करून पॅडल काही वेळा मारा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. ते थोडे खाली गेले पाहिजे. दुरुस्तीनंतर हीच चाचणी पुन्हा करायची आहे.

पाइपांसाठी तांबे-निकेल मिश्रधातूची तीन सोळांश इंची, म्हणजे ४.७५ मिलिमीटरची नळी घ्यावी. ती गंजत नाही आणि वाकवायला सोपी असते. शुद्ध तांब्याची नळी कंपनाने कडक होऊन तडकू शकते, म्हणून ती टाळावी. जोडांच्या आट्यांकडे सर्वांत अधिक लक्ष द्या. तुमच्या गाडीचे जोड तीन अष्टमांश इंची यूएनएफ, म्हणजे इंचाला २४ आट्यांचे असणार. बाजारात सर्रास मिळणारे एम१० बाय १ आट्यांचे नट त्याच्या इतके जवळचे आहेत की, यूएनएफचा नट मेट्रिक भोकात सहज आत जातो, आवळलाही जातो आणि दाब आल्यावर आटे सोलून बाहेर येतो. नट हाताने फिरवून पाहावा. तो ढिला वाटत असेल किंवा दोन-तीन फेऱ्यांत अडत असेल, तर पाना लावू नये. नळीच्या तोंडाचा आकारही जुन्या ब्रिटिश आणि जर्मन पद्धतीत वेगळा असतो. प्रत्येक जोडाचे जुने टोक कापून नमुना म्हणून जपून ठेवा.

ऑइल डॉट ४ प्रतीचे, बंद डब्यातले वापरा. त्याचा उत्कलनबिंदू कोरड्या अवस्थेत किमान २३० अंश सेल्सिअस असतो, आणि हवेतले पाणी शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत येऊ शकतो. तुमच्या मागच्या कोंडलेल्या डिस्कपाशी हा फरक महत्त्वाचा आहे, म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावे. सिलिकॉनचे डॉट ५ कोणी सुचवले तर ते यात मिसळू नका.

आणि मागचा सांगाडा वर चढवण्यापूर्वी दोन गोष्टी बाकावरच उरकून घ्या. दोन्ही सिलिंडरना जोडणारा आडवा पाइप बसवून दाबावर गळती पाहा, आणि हवा काढण्याचा निपल वरच्या बाजूला येतो आहे ना, हे डाव्या-उजव्या कॅलिपरवर वेगवेगळे तपासा. अदलाबदल झाली तर निपल खाली जातो, हवा वर अडकून राहते आणि कितीही पॅडल मारले तरी ती निघत नाही.